पहिले बाळंतपण माहेरी : नोंदणीपासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत

सातव्या महिन्यात ओटी भरायची, आठव्यात मुलीला माहेरी आणायचे आणि बाळ सव्वा महिन्याचे झाले की बाळंतविड्यासह सासरी पोहोचवायचे, ही रीत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत अजून टिकून आहे, आणि तिच्यात मुलीच्या जिवाचा विचार आहे हे कोणी नाकारणार नाही. मात्र वैद्यकीय अंगाने पाहिले तर या रीतीत एक अडचण दडलेली आहे. सहा-सात महिने एका डॉक्टरांनी तपासलेली स्त्री नेमक्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे रक्तदाब वाढण्याची आणि बाळाची वाढ मागे पडण्याची शक्यता अधिक असते त्याच काळात, दुसऱ्या गावी, तिला कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहते. प्रसूती कक्षात काम करताना एक प्रसंग मी थोड्याफार फरकाने अनेकदा पाहिला आहे. रात्री दोन वाजता जीपमधून उतरलेली मुलगी कळांनी वाकलेली असते, आई सोबत असते, फाइल मात्र सासरच्या कपाटात राहिलेली असते. मग नवऱ्याला उठवून फोटो मागवला जातो, तो येतोही, पण रक्तगट लिहिलेला कोपरा नेमका त्याच्या अंगठ्याखाली झाकलेला असतो.

पहिल्यांदाच आई होणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या दोन्ही घरांसाठी हा लेख आहे. त्यातली माहिती तपासणीच्या जागी घेऊ नये. डॉक्टरांनी तुमच्या प्रकृतीनुसार वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे.

पहिले तीन महिने : तारीख, नोंदणी आणि कार्ड

पाळी चुकल्यावर सर्वांत आधी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख येते. शेवटची पाळी 10 मार्चला आली असेल तर ती तारीख 17 डिसेंबर. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवतच नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी दिवस अधिक अचूक सांगते. उशिरा केलेल्या सोनोग्राफीला तितकी अचूकता राहत नाही, म्हणून ‘इतक्यात कशाला’ असे म्हणून ती पुढे ढकलू नये.

बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरात महापालिकेच्या दवाखान्यात नोंदणी करावी. गावात आशाताईंना सांगितले तरी त्या पुढची व्यवस्था करतात. तपासणी खासगी डॉक्टरांकडे चालू असली तरीही ही नोंदणी करावीच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नोंदणीनंतर जे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते त्यावर आरसीएच क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरोग्यसेविकेलाही तुमची नोंद शोधता येते. बाळाच्या लसींची नोंदही पुढे त्याच कार्डावर होते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेसाठीही ही नोंदणी लागते. त्या योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत, आधारशी जोडलेल्या बँक खात्यावर जमा होतात. दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतो.

पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, गुप्तरोग आणि कावीळ बी यांच्या तपासण्या होतात. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आवर्जून करून घ्यावी. रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर ही गोष्ट कार्डाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्यावी. अशा मातेच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून 28व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन दिले जाते आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह आल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत ते पुन्हा द्यावे लागते. माहेरच्या रुग्णालयाला हे माहीतच नसेल तर ते 72 तास शोधाशोधीत निघून जातात.

साखरेच्या तपासणीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण ती अर्धवट सोडून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. शासकीय पद्धतीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नसते. हे पाणी कमालीचे गोड लागते आणि मळमळ होत असलेल्या बाईला ते घशाखाली उतरवणे सोपे नसते, म्हणून ते एका दमात न संपवता पाच-दहा मिनिटांत घोट घोट घ्यावे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. त्यानंतर झाली तर तशीच पुढे चालू ठेवतात. दोन तासांनंतरचा आकडा 140 किंवा त्याहून अधिक आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या वेळी आकडा ठीक आला तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी पुन्हा करायची असते आणि तेच दिवस माहेरी जाण्याच्या तयारीचे असल्याने नेमकी हीच राहून जाते.

चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत

पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड आणि चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान 180 दिवस, असा क्रम आहे. प्रसूतीनंतरही ती आणखी 180 दिवस घ्यायची असते. याच सुमारास कॅल्शियमच्या दोन गोळ्या सुरू होतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर लोह अंगाला नीट लागत नाही, म्हणून कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी रात्री झोपताना, शक्य तर लिंबूपाण्यासोबत घ्यावी. तिच्या मागेपुढे तासभर चहा घेऊ नये. या गोळीने शौचाला काळे होते, तोंडाला धातूची चव येते आणि काही जणींना बद्धकोष्ठ होते. यातले काहीही घाबरण्यासारखे नसते, पण याच कारणाने गोळ्यांची पाकिटे डब्यात तशीच पडून राहतात. हिमोग्लोबिन 11च्या खाली असेल तर गोळ्यांची मात्रा वाढवतात आणि ते 7च्या खाली गेले तर रुग्णालयात दाखल करूनच उपचार करावे लागतात. जंताची गोळी दुसऱ्या तिमाहीत एकदाच आणि टीडी (धनुर्वात-घटसर्प) लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने देतात.

बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत, सासरी असतानाच करून घ्यावी. ‘माहेरी गेल्यावर आईसोबत करू’ हे इथे चालणार नाही, कारण बाळात गंभीर दोष आढळल्यास पुढचा निर्णय घेण्यासाठी वेळ लागतो आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या मुदतीही आठवड्यांवर बांधलेल्या आहेत. सोनोग्राफीच्या वेळी फॉर्मवर सही घेतात आणि ओळखपत्र मागतात, ती 1994च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची पूर्तता असते. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे, तेव्हा डॉक्टरांना आडून आडून विचारून अडचणीत आणू नये.

प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात शासकीय दवाखान्यांत चौथ्या महिन्यापुढच्या गर्भवतींची तपासणी डॉक्टरांकडून मोफत होते. जोखमीच्या मातेची नोंद तिथेच वेगळी केली जाते. आपली गर्भारपणाची अवस्था जोखमीची ठरली आहे का, आणि ठरली असल्यास नेमकी कशामुळे, हे विचारून घ्यावे. कार्डावर नुसता शिक्का असतो आणि ज्या बाईच्या कार्डावर तो असतो तिलाच त्याचे कारण ठाऊक नसते, असे पुष्कळदा घडते.

माहेरी जाण्याआधी

कधी जावे, याचे उत्तर साधारण 30 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान असे देता येईल. त्याहून उशीर केला तर प्रवासात कळा सुरू होण्याची धास्ती राहते आणि नव्या डॉक्टरांना प्रकृती समजून घ्यायलाही वेळ मिळत नाही. वार (बाळाला नाळेतून पोसणारा गर्भाशयातला भाग) खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, जुळे असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रवास करूच नये. गाडीचा पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्यावा आणि दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, कारण या काळात पायांत रक्ताची गाठ होण्याचा संभव एरवीपेक्षा जास्त असतो.

आणि जावेच का, हाही प्रश्न एकदा विचारावा. माहेरच्या गावापासून शस्त्रक्रिया आणि रक्त मिळू शकेल असे रुग्णालय दीड-दोन तासांवर असेल, सासर मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर मुलीने माहेरी जाण्यापेक्षा आईने दोन महिने मुलीकडे येऊन राहावे, हे माझे स्पष्ट मत आहे. विहीणबाईंकडे राहायचे म्हणजे अवघडल्यासारखे होते, हे मान्य. पण तो अवघडलेपणा सोसण्यासारखा असतो.

जायचे ठरले की सासरच्या डॉक्टरांकडून एका पानाचा गोषवारा लिहून घ्यावा. त्यात शेवटच्या पाळीची आणि प्रसूतीची अंदाजे तारीख, रक्तगट, ताजे हिमोग्लोबिन, रक्तदाबाचे आकडे, साखर, सोनोग्राफीत वार कुठे आहे आणि बाळाची वाढ कशी आहे, टीडीच्या तारखा, चालू गोळ्या, औषधांची ॲलर्जी आणि आधीचे आजार किंवा शस्त्रक्रिया एवढे आले की पुरे. मूळ फाइल, कार्ड आणि सोनोग्राफीचे अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवावेत. प्रत्येक पानाचा चारही कोपरे दिसतील असा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा. सासरच्या आशाताईंना निघण्याची तारीख आणि माहेरचा पत्ता सांगावा.

माहेरी पोहोचल्यावर

पहिले चार दिवस कौतुकात जातात, जावेत. आठवड्याच्या आत मात्र तिथल्या आशाताईंकडे नोंद करून प्रसूती जिथे करायची त्या रुग्णालयात एकदा तपासणी करून घ्यावी. रुग्णालय निवडताना इमारत पाहू नये, तीन प्रश्न विचारावेत : रात्री सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठल्या रक्तपेढीतून आणि किती वेळात मिळते, आणि बाळाला श्वासाचा त्रास झाला तर नवजात अतिदक्षता विभाग इथेच आहे की दुसरीकडे न्यावे लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात नैसर्गिक प्रसूती होते. शस्त्रक्रियेची सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असेलच असे नाही, ती सहसा उपजिल्हा, जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयात मिळते. ज्यांची अवस्था जोखमीची ठरली आहे त्यांनी पहिल्यापासून मोठेच रुग्णालय धरावे. आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ची सोय आहे आणि दूरच्या पाड्यांवरच्या गर्भवतीला प्रसूतीच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहता येते.

शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सगळे मोफत असते. 2011पासून हा नियम आहे आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेची अट नाही. जननी सुरक्षा योजनेची रोख मदत मात्र महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या मातांपुरती आहे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दर पंधरा दिवसांनी आणि छत्तिसाव्यानंतर दर आठवड्याला तपासणी व्हावी. प्रत्येक वेळी रक्तदाबाचा आकडा विचारून तारखेसह लिहून ठेवावा. 140/90 किंवा त्याहून जास्त आकडा आला तर ‘चालून आल्यामुळे असेल’ म्हणून सोडून न देता थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मोजायला सांगावे. बाळाची हालचाल कमी वाटली तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडावे आणि हालचाली मोजाव्यात, दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर दवाखाना गाठावा.

अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या दिसणे, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी सूज येणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, झटके, ताप, दम लागणे किंवा बाळाची हालचाल थांबणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता 102 किंवा 108ला फोन करावा. यातल्या डोकेदुखीला ‘पित्त झाले’ आणि सुजेला ‘पाणी उतरले, आता दिवस भरले’ असे म्हणण्याची घरोघरी सवय आहे. ती मोडणे आईच्या हातात असते, कारण अशा वेळी मुलगी तोंडाकडे आईच्याच पाहते.

कळा आणि प्रसूती

खोट्या कळा अनियमित येतात, चालले किंवा पडून राहिले की विरतात. खऱ्या कळा कमरेतून पोटाकडे येतात, त्यांच्यातले अंतर घटत जाते आणि जोर वाढत जातो. पहिलटकरणीने कळा दर पाच मिनिटांनी येऊन प्रत्येकी पाऊण-एक मिनिट टिकू लागल्या की निघावे. रुग्णालय लांब असेल तर त्याआधीच निघावे. पाणी गेले तर कळा असोत वा नसोत, लगेच जावे आणि पाण्याचा रंग हिरवट होता का हे लक्षात ठेवून सांगावे. घरी कोणाकडूनही ‘कळा वाढवण्याचे’ इंजेक्शन घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटून आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात आणि या एका गोष्टीत सवलत नाही.

पहिल्या खेपेला बारा-चौदा तास लागणे नेहमीचे आहे. मधल्या काळात पाणी, पेज, सरबत चालते का हे विचारून घ्यावे, सतत उताणे पडून न राहता कुशी बदलावी, चालू देत असतील तर चालावे. एखादी अनुभवी नातेवाईक स्त्री सोबत राहू देण्याची सोय शासकीय रुग्णालयांतही आहे, ती मागावी. सिझेरियनचा निर्णय झाला तर कारण विचारावे. बाळाचे ठोके उतरणे, प्रगती थांबणे, बाळ आडवे असणे ही कारणे खरी असतात आणि अशा वेळी सही करायला तासभर फोनाफोनी करणे बाळाला परवडत नाही.

बाळ जन्मताच आईला एक इंजेक्शन देतात, ते वार सुटून रक्तस्राव आटोक्यात राहावा यासाठी असते. बाळ रडत असेल तर नाळ एक ते तीन मिनिटे थांबून कापतात आणि बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. पहिल्या तासात त्याला पाजायला घ्यावे. पहिले दूध म्हणजे चीक. तो पिवळट, घट्ट आणि चमच्या-दोन चमच्यांएवढाच असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाची गरजही तेवढीच असते. त्याच्या जागी मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवू नये. प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास आईसाठी सर्वांत जोखमीचे. सगळे बाळाभोवती जमलेले असताना एका व्यक्तीने आईकडे लक्ष ठेवावे आणि कपडे भराभर भिजत असतील, ती पांढरी पडत असेल किंवा तिला गरगरत असेल तर सिस्टरला तत्काळ हाक मारावी. नैसर्गिक प्रसूतीनंतरही निदान 48 तास रुग्णालयातच राहावे.

घरी आल्यावर

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, भाजी नको, फक्त भात-तूप आणि लाडू, ही पद्धत सोडावी. डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, खसखशीची खीर, बाळंतशोप यांना हरकत नाही, पण त्यांच्या जोडीला पालेभाजी, वरण, अंडी, फळे आणि तहानेइतके पाणी हवेच. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. शेकासाठी बंद खोलीत शेगडी पेटवू नये, धुराने बाळाचा श्वास कोंडतो आणि कोळशाच्या वायूने झोपेतच गुदमरण्याचा धोका असतो. बाळाच्या नाळेवर हळद, तेल, राख काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी. डोळ्यांत काजळ आणि नाकाकानांत तेलही नको. हलक्या हाताची मालिश चालते, पण अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आंघोळीपेक्षा आईच्या छातीची ऊब जास्त गरजेची असते.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. गावातल्या प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली आणि तिथून ती देशाच्या कार्यक्रमात गेली. तेव्हा आशाताई आल्यावर ‘बाळ झोपलंय, उद्या या’ म्हणू नये. बाळ पीत नसेल, सुस्त असेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास भरभर चालत असेल किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आईच्या बाबतीत ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, टाक्यांतून पू, एका पायात सूज आणि दुखणे किंवा नव्याने सुरू झालेली डोकेदुखी ही लक्षणे दिसली तर वाट पाहत थांबू नये. रक्तदाब वाढून येणारे झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहत असेल, बाळ जवळ घ्यावेसे वाटत नसेल किंवा झोप पार उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगावे. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले त्याच ठिकाणच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत 21 दिवसांत होते. रुग्णालय माहिती कळवते, पण दाखला जन्माच्या ठिकाणचाच निघतो, म्हणून तो परत जाण्याआधी हातात घ्यावा आणि आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहावे. बाळाचे नाव बारशानंतर घालता येते.

परत कधी जावे, याबद्दल मात्र माझी एक सूचना आहे. सव्वा महिना म्हणजे अडतीस दिवस होतात. आशाताईंची शेवटची भेट, आईची सहा आठवड्यांची तपासणी आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसी या तिन्ही गोष्टी बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास येतात. गरोदरपणात मधुमेह झालेल्या आईची साखरेची तपासणीही तेव्हाच पुन्हा करायची असते आणि पाळणा लांबवण्याच्या साधनाबद्दलही त्याच भेटीत विचारता येते. सव्वा महिन्याला निघाले की यातले काहीच धड माहेरी होत नाही आणि सासरी पोहोचल्यावर आठवडाभर पाहुण्यांत जातो. म्हणून मुहूर्त आठवडाभर पुढचा धरावा, लसी घेऊन दोन दिवस, बाळाचा ताप उतरेपर्यंत थांबावे, सासरच्या आशाताईंना येण्याची तारीख कळवावी आणि निघताना कार्ड बाळंतविड्याच्या पेटीत न टाकता पर्समध्ये ठेवावे, कारण पुढच्या लसी दहाव्या आठवड्यात आहेत आणि तेव्हा ती पेटी माळ्यावर गेलेली असेल.